चाक फिरेल तेवढ्याचेच पैसे

शिकवणाऱ्यानं पैसे कशाचे घ्यायचे, याबद्दल माझं मत पक्कं आहे आणि ते बदलायला या वयात कुणी येऊ नये. चाक फिरेल तेवढ्याचेच. चाक थांबलं की पैसे थांबले. मग शिकवणारा बोलत बसो, हातवारे करो, नाहीतर जमिनीवर काठीनं रेघा ओढो. ती त्याची हौस. शिकणारा त्याचं काही देणं लागत नाही.

हे मी आजवर तोंडानंच सांगत आलो. लिहायची वेळ आली ती परवाच्या एका बोलण्यामुळं. तिसगावच्या पारावर माझ्याच वयाचा एक जण चारचौघांत म्हणाला, "आपल्या भागात मोटार शिकवली ती फौजीनं." मी तिथंच बसलो होतो, चांगला जिवंत. वर माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "काय वो, खरं का न्हाई?" मी चहा तसाच ठेवून उठलो. शाळा माझी दुसरीपर्यंत. पेन धरला की बोटं दुखतात. तरी लिहितोय.

मी स्वतः मोटार शिकलो ती नगरला, एका उस्तादाच्या हाताखाली. तिथं पैशाचा विषयच नव्हता. मोटार धुवायची, चाकातला चिखल खरवडायचा, थंडीत हँडल मारायचं, उस्तादाचा डबा आणायचा. चुकलं की पाठीत लोखंडी पाना. अशी कितीतरी वर्षं गेली, तेव्हा कुठं त्यानं मला स्वतःच्या जागेवर बसवलं. मला डायव्हरची नोकरी लागली त्या दिवशी मी रिवाजाप्रमाणं पुढच्या चाकाशी नारळ फोडला आणि सगळ्या अड्ड्यादेखत उस्तादाच्या डोक्याला फेटा बांधला. तो फेटा कुणाच्या डोक्याला बांधला यावरून हा डायव्हर कुणाचा, हे सगळ्या लाईनीवर कळायचं. फेटा एकच असतो. त्यात अर्धा तुला, अर्धा मला असं चालत नाही.

पुढं मी तिसगावच्या एका भुसार व्यापाऱ्याची मालमोटार चालवायला लागलो. मोटार रिकामी असेल त्या दिवशी तिच्यावर शिकवायची त्यानं मला मोकळीक दिली. तेव्हाच मी ठरवलं, आपण कुणाला राबवून घ्यायचं नाही. कुणाची पाठ सुजवायची नाही. दर एकच. वेशीपासून ओढ्यापर्यंत आणि परत, ही एक खेप. खेप झाली, पैसे ठेव, घरी जा. मधे मोटार बंद पडली तर त्या खेपेचे पैसे मी घेत नसे. माझ्याइतका स्वच्छ व्यवहार त्या काळात कुणाचा नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

तेव्हा दुसरी जागतिक लढाई चालू होती. पेट्रोल कुपनावर, तेही मोजून मापून. म्हणून मोटारींच्या मागं कोळशाच्या टाक्या बसवल्या होत्या. आताच्या पोरांनी त्या बघितल्या नाहीत. ड्रमासारखी उभी टाकी, तिच्यात लाकडी कोळसा पेटवायचा, हातानं पंखा फिरवून जाळ फुलवायचा, आणि त्याचा गॅस नळीनं इंजिनात. नळीच्या तोंडाशी काडी लावून बघायची. ज्योत निळी आणि धरून राहणारी पाहिजे. पिवळी फडफडली तर इंजिन घेत नाही. हे सगळं करायला वेळ लागतो, आणि करणाऱ्याचं तोंड धुराड्यात अडकलेल्या बोक्यासारखं काळं होतं.

आता बघा, मोटारीची आग हे क्लीनरचं काम. व्यापाऱ्यानं मला क्लीनर दिलेला नव्हता. पण म्हणून डायव्हरनं, त्यात शिकवणाऱ्या उस्तादानं, गावादेखत पंखा फिरवत बसायचं? मी अंधारातच उठायचो. गाव झोपलेलं असताना टाकी पेटवायची, ज्योत निळी करायची, राखेनं हात घासायचे, धुतलेला सदरा घालायचा आणि शिकणारा यायच्या आत डायव्हरच्या जागेवर बसलेलं असायचं. तो आला की मोटार तयार. बस, क्लच दाब, चल. त्याचा क्षणभर वेळ मी वाया घालवला नाही, आणि पेटवणीचे पैसेही कधी मागितले नाहीत. चाक कुठं फिरलं होतं?

माझं बरं चाललं होतं. मग फौजी आला.

तो मूळचा आमच्याच गावचा, मुसलमान मोहल्ल्यातला. फौजेत मोटारी चालवत होता. पायाला मार लागला म्हणून त्याला घरी पाठवलं होतं. लंगडत आला आणि येताना कुणाची तरी मोडकी मोटार बैलांनी ओढत घेऊन आला. बैलांनी! गावाच्या मधोमध लिंबाखाली ती उभी केली. टायर तेव्हा सोन्याच्या भावानंही मिळत नव्हते, म्हणून तिला चाकंच नव्हती. चार बाजूंना दगड रचले आणि त्यावर ती ठेवली, कोंबडीचं खुराडं ठेवावं तशी. इंजिन मात्र चालायचं, आणि मागं कोळशाची टाकी होती.

त्यानं पुढच्या काचेला दोऱ्यानं एक खिशातलं घड्याळ टांगलं आणि जाहीर केलं, मोटार शिकवणार. शिकणारा येऊन बसला की काटा बघायचा, उठला की बघायचा. मधल्या वेळाचे पैसे.

मी हसलो. सगळं गाव हसलं. मी मुद्दाम मालमोटार त्याच्या लिंबापाशी हळू केली आणि विचारलं, "काय फौजी, आज कुठवर गेल्ती गाडी?"

तो उठून उभा राहिला. लंगड्या पायावर उठून उभा राहायचा तो माझ्यासाठी, हे त्याचं मला कधीच सहन झालं नाही. म्हणाला, "उस्ताद, आज बी हितंच. पन लई लांबचं शिकून झालं."

लोक आणखी हसले. पण या खेपेला ते नक्की कुणाला हसले ते मला कळलं नाही.

मला वाटलं होतं, चार दिवसांत लिंबाखाली कुत्रं फिरकणार नाही. पण माणसं जायला लागली. आधी सावलीसाठी, मग घड्याळ बघायला, मग शिकायला. तो त्यांना क्लच-ब्रेक समजून विटांवर पाय दाबायला लावायचा, डोळे मिटून गिअर टाकायला लावायचा, इंजिनाचा आवाज ऐकून काय दुखतंय ते ओळखायला लावायचा. त्याला ते मास्तर म्हणायला लागले. मला उस्ताद म्हणत, पण मास्तर म्हटलं की कसं शाळेतलं वाटतं. कुणी त्याला घरून भाकरी आणायचं, कुणी भुईमुगाच्या शेंगा. मला कधी कुणी शेंग दिली नाही. मी मागितली असती असं नाही. पण दिली नाही.

वर माझ्याकडं येणारे काय म्हणायचे? "उस्ताद, गेर मला ठावं हायेत, मास्तरांनी शिकवलंय. तुमी निस्तं एक-दोन खेपा मारू द्या." म्हणजे जिथं पूर्वी माणूस महिनाभर माझ्या खेपा मारायचा, तिथं दोन खेपांत गाडी सरळ चालवून, पैसे ठेवून, लिंबाखाली सांगायला पळायचा. मी मागून बघायचो. तिथं सगळे त्याच्याभोवती जमायचे आणि काय काय झालं ते हात हलवून सांगायचे. माझी मोटार, माझा रस्ता, माझा कोळसा, आणि कौतुक ऐकायला तो.

एकदा चहाच्या दुकानात मी त्याला सगळ्यांसमोर धरलं.

"फौजी, न चालनाऱ्या मोटारीत बसवून पैशे घेतोस, लाज वाटत न्हाई?"

तो बशीत चहा ओतत होता. "उस्ताद, गाडी चालती तवा मानूस भ्यालेला असतो. त्याचे कान बंद असत्यात. तुमी वरडता ते त्याला ऐकूच जात न्हाई. शिकायचं ते गाडी थांबल्यावर. मग थांबल्याचे पैशे का नगं?"

"मग इहिरीत पवायला बी खाटंवरच शिकव की!"

दुकान हसलं. फौजीही हसला. म्हणाला, "शिकवीन की. खाटंवर हात मारायला शिकला तर इहिरीत निदान कमी पानी पील." मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं बोलला, "उस्ताद, तुमी बी लई वेळ देता लोकान्ला. त्याचं काईच घेत न्हाई. हे बरं न्हाई तुमच्यासाठी."

माझी काळजी करत होता! मी चहाचे पैसे दोघांचेही टाकले आणि बाहेर पडलो. त्याचे उपकार नकोत, आपलेच त्याच्यावर राहू देत.

याच सुमारास माझा मेव्हणा आमच्याकडं राहायला आला. बायकोचा धाकटा भाऊ. लग्नाचा झाला होता, पण खडी फोडायच्या कामावर होता, आणि खडी फोडणाऱ्याला मुलगी कोण देतो? शेवगावच्या एका शेठची पाशिंजर नेणारी सर्व्हिस मोटार होती, शेवगाव-तिसगाव-नगर. शेठला नवा डायव्हर पाहिजे होता. परीक्षा तो स्वतः घेणार होता. शेवगावहून भरलेली मोटार नगरला न्यायची. करंजीचा घाट सबंध कोळशावर चढायचा. पेट्रोलची तोटी शेठ तारेनं बांधून ठेवणार होता, कारण आधीच्या डायव्हरनं घाटात पेट्रोल जाळून त्याचं दिवाळं काढलं होतं.

बायको म्हणाली, "अवं, सगळ्या गावाला शिकविता. माझ्या भावाला नोकरी लावा म्हंजी झालं."

मी म्हणालो, "लागली म्हन. फेटा आनायला सांग त्याला."

फेट्याचं मी हसत बोललो, पण मनातून ते लागून राहिलं होतं. बरेच जण शिकून गेले होते, तरी सर्व्हिसच्या लाईनीवर माझा म्हणावा असा डायव्हर एकही नव्हता. हा लागला असता तर रोज दोनदा तिसगावच्या बाजारातून माझ्या फेट्याचा डायव्हर जाणार होता, फौजीच्या लिंबासमोरून.

मेव्हण्याकडून मी पैसे घेणार नव्हतो. पण त्यानं ऐकलं नाही. "दाजी, फुकट शिकलो तर जलमभर ह्या घरात ऐकून घ्यावं लागंल. खेपंचे पैशे मी देनार." खडी फोडून मिळालेले पैसे तो खेप झाली की मोटारीच्या फळीवर ठेवायचा. मानी होता. मला ते आवडलं.

हात त्याचा चांगला होता. चालत्या गाडीत गिअर खाली घ्यायचा म्हणजे दोनदा क्लच मारून, इंजिनाचा आवाज चढवून, नेमका मेळ बसवून. नाहीतर गिअरचे दात करकरतात आणि गाडी मोकळी सुटते. ते मी त्याला ओढ्याच्या चढावर इतक्या वेळा करायला लावलं की ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका आवाजावरून सांगायच्या, "आता बसला गं!" हे दगडावर ठेवलेल्या मोटारीत शिकवून दाखवावं कुणी. चढ तिथं आणणार कुठून?

परीक्षेला थोडे दिवस राहिले असताना एका सकाळी मी टाकी पेटवून, हात धुऊन, सदरा घालून बसलो. मेव्हणा येईना. उजाडलं. मी उतरून बाजारापर्यंत गेलो. लिंबाखाली फौजीच्या मोटारीमागं कुणीतरी वाकून पंखा फिरवत होतं. तोंड काळं, सदरा काळा. मी जवळ गेलो तरी ओळखलं नाही. त्यानं मान वर केली तेव्हा डोळे दिसले. आमच्या बायकोचेच डोळे.

काचेवरचं घड्याळ चालू होतं. म्हणजे पैसे देऊन तो क्लीनरचं काम करत होता.

मी म्हणालो, "हे काय चाललंय?"

"दाजी, जाळ शिकतोय."

"माझ्याकडं जाळ न्हाई का?"

"हाय की. पन मी येतो तवा तो आधीच पेटलेला असतो. घाटात इझला तर मी काय करू? तो येतो कुठनं तेच मला ठावं न्हाई."

"मग मला इचारायचं!"

"इचारलं हुतं. तुमी म्हनला, डायव्हरनं कोळशाला हात लावायचा नसतो."

म्हणालो होतो. त्यात खोटं काय? मी फौजीकडं बघितलं. तो उठून उभा राहिला होताच. मी मेव्हण्याला सांगितलं, "एक तर हितं ये, न्हाईतर माझ्याकडं. दोन दगडांवर पाय ठिवून गाडी चालत न्हाई."

फौजी म्हणाला, "उस्ताद, तुमच्यासारखा गेर त्याला मी शिकवू शकनार न्हाई. त्याला तोडू नका."

म्हणजे माझ्या घरच्या माणसाबद्दल माझ्याकडं शिफारस फौजीनं करायची. मी परत आलो आणि पेटलेली टाकी तशीच जळू दिली. तेवढा कोळसा फुकट गेला.

घरी बायकोनं भाकरी थापता थापता ऐकवलं, "जाळ रोज अंधारात लपून घालायचा आनि मग भाऊ दुसरीकडं शिकला म्हनून चिडायचं." तिला सगळं माहीत होतं. सदरे तीच धुवायची.

दोन दिवस मेव्हणा आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, नखांत काळं तसंच. मी नखांकडं बघितलं, त्यानं मी बघतोय ते बघितलं. मी म्हणालो, "बस." आम्ही ओढ्याच्या चढावर गेलो. तो पहाटे तिकडं जातो आणि मग माझ्याकडं येतो, हे मला कळत होतं. बोललो नाही. पण त्या दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही. तो गिअर सुरेख टाकायचा तरी मला वाटायचं, हे नंतर लिंबाखाली जाऊन सांगणार.

परीक्षेच्या दिवशी मी शेवगावहून तिकीट काढून मोटारीत मागं बसलो. शेठ पुढं, मेव्हण्याच्या शेजारी. पेट्रोलची तोटी तारेनं बांधलेली. तिसगावला मोटार थांबली. फौजी लिंबाखाली उभा होता, त्यानं नुसती मान हलवली. माझ्याकडं बघून नव्हे, मेव्हण्याकडं.

करंजीला, घाटाच्या पायथ्याशी, मेव्हण्यानं मोटार उभी केली. घाटाला वेग घेऊन भिडायचं असतं. मी तरी तसंच भिडायचो, आणि धाप लागली की पेट्रोलची तोटी सोडायचो. हा गडी खाली उतरला. मागं गेला, टाकीची राख पाडली, सळईनं ढोसलं, वरून कोळसा भरला, तोही पोत्यातून हातानं चाचपून, ओलसर तुकडे बाजूला टाकत. आणि पंखा फिरवायला लागला.

पाशिंजर ओरडायला लागले. "अरं, लगीन लागून जाईल तितं!" एक बाई म्हणाली, "ह्यो डायव्हर हाय का लोव्हार?" शेठनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय बिघडलं काय?"

"न्हाई, शेठ. बिघडू नये म्हनून."

मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसलो. सगळ्यांदेखत, नोकरीच्या परीक्षेत, माझा मेव्हणा क्लीनरचं काम करत होता. त्यानं नळीशी काडी लावली. ज्योत निळी झाली. तरी तो जरा थांबला, ती धरून राहते का बघत. मग हात पँटीला पुसून येऊन बसला.

मोटार घाटाला लागली. अर्ध्यावर एक मालमोटार उभी होती, चाकांमागं धोंडे लावलेले, डायव्हर टाकीपाशी शिव्या देत खोकत होता. आम्ही तिला वळसा घालून गेलो. पुढं सगळ्यात अवघड वळण. तिथं आवाज बसायला लागला. माझा पाय आपोआप बाकाखालच्या फळीवर दाबला गेला, क्लच असल्यासारखा. आता, मी मनात म्हणालो, आता. त्याच क्षणी त्यानं दोनदा क्लच मारला, आवाज चढवला आणि गिअर खाली बसवला. लोण्यात सुरी घालावी तसा. एक दात वाजला नाही. शेजारच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "काय झालं? तुमी का हासताय?" मी हसत होतो हे मला माहीत नव्हतं.

घाटमाथ्यावर शेठनं मोटार थांबवायला लावली. तोटीवरची तार तशीच आहे हे हात लावून बघितलं. मग विचारलं, "कुठं शिकलास रं?"

माझे कान मागच्या बाकावरून पुढं गेले.

तो म्हणाला, "हात दाजींनी बसवला, जाळ फौजींनी."

शेठ म्हणाला, "उद्यापासून ये." नोकरी लागली. बायकोच्या भावाचं भलं झालं, आणि मी नगर येईपर्यंत ते एकच वाक्य उलटसुलट करत होतो. हात आधी म्हणाला हे खरं. पण नुसतं दाजींनी म्हणून थांबला असता तर काय जीभ झडली असती?

नगरला त्यानं बाजारातून गुलाबी फेटा आणि नारळ घेतला. एक फेटा. कुणासाठी ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. परतीच्या सबंध रस्त्यात ती पुडी त्याच्या शेजारी ठेवलेली होती, आणि मी तिच्यावरून नजर काढली नाही.

तिसगावला बाजाराचा दिवस होता. मोटार थांबली. मी आधीच उतरून बाजाराच्या कडेला लावलेल्या माझ्या मालमोटारीपाशी जाऊन उभा राहिलो, टोपी काढून हातात घेतली, डोकं मोकळं ठेवलं. मेव्हणा उतरला. नारळ चाकाशी फोडला. माणसं जमली. फेट्याची घडी हातावर घेऊन तो निघाला आणि सरळ लिंबाकडं गेला.

मी टोपी परत घातली.

फौजी उठून उभा राहिला. मेव्हणा फेटा उलगडायला लागला तसा त्यानं त्याचा हात धरला. बाजार गप्प झाला होता, म्हणून मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. "न्हाई रं बाबा. मी घड्याळ लावून पैशे घेतलेत. माझं येनं तुझ्याकडनं फिटलं. फेटा त्याचा, ज्यानं हिशेबाभाईर दिलं. तुझा उस्ताद रोज अंधारात उठून तुझ्यासाठी टाकी पेटवायचा. ते कुनी मोजलं का?"

म्हणजे यालाही माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं, माझ्या धुतलेल्या सदऱ्यासकट.

मेव्हणा फेटा घेऊन माझ्याकडं आला. लोकांनी वाट करून दिली. मी म्हणालो, "आधी कुठं गेल्तास?"

तो गोंधळला. "मोटारीपासनं ते जवळ हुतं, दाजी."

"जवळ हुतं?"

"व्हय. तुमच्याकडं जाताना वाटंतच लागतं."

मी म्हणालो, "माघारी जा."

"आं?"

"मोटारीपाशी माघारी जा. फेट्याची घडी घाल. आनि तिथनं सरळ माझ्याकडं ये. वाटंत कुठं थांबू नगंस."

लोक खो खो हसायला लागले. बायको आडोशाला उभी होती, तिनं कपाळावर हात मारला. मेव्हण्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा फौजीकडं. फौजी अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "जा की. उस्ताद बरोबर बोलत्यात." तो गेला. मोटारीला हात लावला, घडी घातली, आणि तिथून सरळ, लिंबाकडं मानही न वळवता, माझ्याकडं आला. मी टोपी काढली. त्यानं फेटा बांधला. चांगला घट्ट बांधला. सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती फौजीनं, आणि तेवढी एक टाळी मला आजही नको वाटते.

दुसऱ्या दिवशी एक नवा गडी शिकायला येणार होता. मी त्याला आदल्या सांजेलाच निरोप धाडला की फटफटायच्या आत ये, आणि जुना सदरा घालून ये. त्यानं आल्या आल्या विचारलं, "उस्ताद, इतक्या लवकर? ह्याचे बी पैशे लागत्यात का?"

"न्हाई. चाक फिरल्यावर."

मालमोटार मी त्या दिवशी पेटवायला नेहमीसारखी व्यापाऱ्याच्या परसात ठेवली नव्हती. बाजारात आणून उभी केली होती, लिंबाच्या बरोबर समोर. मी टाकीचं झाकण उघडलं, कोळसा हातानं चाचपून आत टाकला आणि गड्याच्या हातात पंख्याचा दांडा दिला. पलीकडं फौजी लंगडत आला, घड्याळ काचेला टांगलं, आणि त्याचाही पंखा फिरायला लागला. त्यानं मला लांबून रामराम घातला. मीही घातला. मग गड्याला हळूच म्हणालो, "जोरात फिरव. त्याच्याआधी आपली ज्योत निळी झाली पायजे."